रविवारचा अँटेना

मला आता त्या बाइकचं नावच काढू नका. तिच्यावरच्या सीबी रेडिओचा, म्हणजे चालवताना एकमेकांशी बोलायच्या वायरलेसचा, अँटेना जुळवायचा म्हणजे मीटरचा काटा खाली येईपर्यंत दांडी जराजरा कापत जायची, एवढंच. शनिवारी ग्रुपबरोबर आल्प्सला जायचं, म्हणून अख्खा रविवार बिल्डिंगखालच्या टीफगाराजमध्ये कापत बसलो. काटा ढिम्म हलेना, दांडी मात्र निम्मी झाली. शेवटी दमून फरशीवरच बसलो.

तेवढ्यात शेजारचे जर्मन गृहस्थ, हेर क्रूगर, सायकल न्यायला आले.

"आल्झो, म्हणजे, इथं करताय? वर-खाली सगळं लोखंड, मीटर चुकीचंच दाखवणार. हे बाहेर अंगणात, मोकळ्यावर करायचं असतं."

"अहो, रविवारी तुमच्याकडे आवाज करायला बंदी, अंगणात खुडबुड केली तर तुम्हीच ओरडाल, म्हणून तर खाली आलो!"

त्यांनी सायकलचं कुलूप काढलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले, "ओरडलोच असतो."