फ्रीज पुकारला अन् गरिबी गेली

नाही पन मले सांगा, मानसानं गरिबी दाखवाव कशी? तुमाले सांगतो, कर्ज भेटलं तवा हातातला चहा बी थंडा झाला नव्हता, अन् मी गरीब आहो हे पटवता पटवता जीव चालला, अजून कोनी मानून नाही राह्यलं! घरासमोर येऊन पाहा ना... माहा आटो निंबाखाली उभा आहे, इंजन बसलं, मांगच्या सीटवर गल्लीतल्या लखमाची कोंबडी अंडे देऊन राह्यली, अन् कर्जवाली कंपनी म्हनते, 'सर, आपली परिस्थिती उत्तम आहे.' उत्तम! कोंबडीची असंन!

झालं काय, सासरवाडीले, धनजले माह्या साळ्याचं, बबलूचं लग्न होतं. आता आंदन म्हनजे काय ते तुमाले सांगाव लागत नाही, मांडवात भोंग्यावर पुकारते, कोनं काय देल्लं ते. माही बायको रंजीता म्हने, 'साडूभाऊ आलमारी देऊन राह्यले. तुमच्या नावानं काय पुकारतीन? पान्याचा जग?' झोंबलं ना भाऊ! मोबाइलमंधी ते झटक्यात कर्ज देनारं अ‍ॅप होतं. आधारकार्ड दाखोलं, तोंडाचा फोटू काढला, पैसे खात्यात! कोनं इचारलं काय, का बाबा, तुही कमाई किती, तू फेडशीन कसा? तवा माही गरिबी कोनालेच पाह्याची नव्हती! फ्रीज घेतला. पुकारनाऱ्याच्या हातात नोट कोंबली. त्यानं तीनदा पुकारलं, 'रिसोडवाले जवाई देवानंदभाऊ यांच्याकडून फ्रीऽऽज!' साडूभाऊ दौलतराव, त्याईचं तोंड... जाऊ द्या. माहे पैसे तवाच वसूल झाले.

मंग कंपनीनं तिचे वसूल केले. पहिलं कर्ज फेडाले दुसरं, दुसरं फेडाले तिसरं, सगळे त्याच अ‍ॅपमधून! फेडलं बरं सगळं, बुडवलं नाही. पन व्याज भरता भरता इंजनाचं काम राह्यलं, अन् आटो निंबाखाली गेला.

वाशीमले माह्या दोस्ताचं, मोहनसिंगचं ऑनलाइनचं दुकान आहे. तो म्हने, 'अबे देवानंद, तुही ऐपत न पाह्यता कर्ज देल्लं त्याईनं. तक्रार टाक, व्याज वापस माग.' म्हटलं, वा! इंजन होऊन जाईन. टाकली.

कंपनीतून फोन आला. पोट्टं होतं, पन बोलनं एकदम पुस्तकातलं. 'सर, हे कर्ज आपल्याला परवडणारं नव्हतं याची आम्हाला खात्री करावी लागेल. ओळखीच्या दोघांचे नंबर द्या.' म्या देल्ले. एक शेजारच्या गोमतीबाईचा, दुसरा दौलतरावचा. तुमी म्हनसान, दौलतरावचा काहून? अरे, जळते ना तो माह्यावर! माही गरिबी सांगाले त्याच्याहून चांगला मानूस भेटन कुठं? पन त्या दोघाईले पहिले सांगून ठेवाव का नाही, का असा असा फोन येईन? नाही सांगतलं. लाज वाटली... भोंग्यावर फ्रीज पुकारलेला मानूस मी!

अन् त्या पोट्ट्यानं गोमतीबाईले इचारलं काय? 'देवानंद यांची आर्थिक परिस्थिती कशी आहे?' आता सांगा, आपल्या इकडं परका मानूस फोन करून हे कवा इचारते? सोयरिक पाह्याची असंन तवा! माही बहीन वैष्णवी लग्नाची आहे. झालं, गोमतीबाई सुटली! 'सोन्यावानी घर आहे बाप्पा! दाराशी गाडी उभी आहे!' गाडी! कोंबडीवाली! 'कर्ज? छ्या! त्या घरानं कोनाचा रुपया ठेवला नाही. अन् पोरगी तं लाखात एक!'

'मॅडम... पोरगी?'

'मंग! एम.ए. झाली आहे!'

दौलतरावनं तं कमालच केली. जळते माह्यावर, पन पोरीची सोयरिक कोनी मोडते काय? पाप लागते! म्हने, 'साहेब, डोये झाकून करा. साळ्याच्या लग्नात फ्रीज देल्ला त्यानं, आमची आलमारी फिक्की पाडली.' जिंदगीत पहिल्यांदा त्या मानसानं माही तारीफ केली, अन् ते बी कंपनीच्या रेकॉर्डिंगवर!

मेसेज आला. 'तक्रार नामंजूर. आपली परिस्थिती उत्तम असल्याचे आढळून आले. अभिनंदन, आपली कर्जमर्यादा दुप्पट करण्यात आली आहे.' सांगा आता, मानसानं गरिबी दाखवाव कशी?

गेलो गोमतीबाईकडं तनतनत. ते म्हने, 'अरे मंग पहिले सांगत जा ना! अशी रडली असती का कंपनीनंच तुले वर्गनी देल्ली असती!' राग आला होता, पन खरं सांगतो, पोटात बरं बी वाटलं. आपल्या घराबद्दल कोनी इतकं चांगलं बोलते, हे मानसाले कुठं माहीत असते?

मंग गोमतीबाई हळूच म्हने, 'चिडू नको. म्या त्या फोनवाल्या पोराले इचारलं, तू कोनाचा रे? आपल्या वाशीमकडच्या मालेगावचा आहे, आपल्यातलाच. लग्न व्हायचं आहे. त्याच्या मायशी बी बोलली मी. रविवारी पोरगी पाह्याले येऊन राह्यले.'

वैष्णवी हासू हासू लोटपोट! 'भाऊ, तो मले पाह्याले येऊन राह्यला का वसुलीले?' रंजीता मातर कपाळाले हात लावून बसली. म्हने, 'पाहुन्याईनं फोनवर फ्रीज आयकला आहे. अन् आपल्या घरात पाहा... माठ!'

आता काय करता? इंजन गेलं चुलीत. रविवार तं येऊन राह्यला. मोबाइल काढला... तेच अ‍ॅप, दुप्पटवालं. मोहनसिंगले फोनवर सांगतलं तं तो वरडलाच, 'अबे येड्या, ते कर्ज तुह्या घरच्या होनाऱ्या जवायाच्याच हापिसातून येईन!'

म्हटलं, येऊ दे ना भाऊ... उद्या वसुलीले आला तं घरचाच मानूस येईन. फ्रीजमधलं थंडं पानी पाजू त्याले.