इंजिनगुरूंची भेट

बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवरच्या दोघा अनोळखी गृहस्थांना बोलता बोलता कळलं, की गाडी घरीच दुरुस्त करणाऱ्यांच्या एकाच ग्रुपवर ते दोघंही आहेत.

"म्हणजे ते इंजिनगुरू तुम्हीच? अहो, मी गाडीचा आवाज रेकॉर्ड करून टाकला, तुम्ही म्हणालात गिअरबॉक्स. लगेच उघडला!"

"वा! काय निघालं?"

"काही नाही. परत जोडला तर चार नट उरले."

"माझे सात उरलेत."

"तुम्हीही बसनंच?"

"तुमच्याच सल्ल्यानं ब्रेक खोललेत ना!"

"अहो, मी नुसती शंका काढली होती."

"शंकेला एकशेबारा लाइक होते!"

"अरे, बस का थांबली? ड्रायव्हर बॉनेट उघडतोय."

"मग बसलात काय? चला, आपण आहोत ना!"

मी मागच्या दारानं उतरलो आणि मुकाट्यानं चालायला लागलो.