शेवटच्या भागातलं घर

पुस्तक वाचलं असन तं त्याचा पिक्चर पाहू नये. मंगळवारी मोहर्लीचं जंगल सफारीचं गेट बंद असते, म्हणून मी अन् देवराव गाईड मोबाईलवर एका पिक्चर-मालिकेचा शेवटचा भाग पाहत बसलो. पुढच्या जमान्यातला हुकूमशहा गावंच्या गावं उठवते, अशी तिची मूळ कादंबरी. पिक्चरात शेवटी तशाच उठवलेल्या गावातली पोरगी आपल्या घरी परत येते.

मी तापलो. "पुस्तकात ती कधीच परत जात नाई! तिथी नुसतं रान वाढलेलं असते. यायनं शेवटच बदलवला!"

देवरावचं गाव वाघासाठी जंगलातून उठवलेलं. मले वाटलं, हा माह्याच बाजूनं बोलन.

तो म्हणाला, "काऊन, परत जाता येते नं. मी रोज जातो. माह्या अंगणात जिप्सी थांबवतो अन् पर्यटकायले चितळ दाखवतो."