मॅडमनी गाठीचं नाव सांगितलं

जमलेल्या डॉक्टर मंडळींनो, मॅडमच्या घरच्या मान्सांनो, रामराम. मी घोडेगावच्या बाजारात म्हशींची दलाली करतो. तिथं माझा आवाज लांबपर्यंत जातो. इथं मॅडमच्या फोटोपुढं तो फुटंना. सांभाळून घ्या.

मॅडम झोपेतच गेल्या, काही सोसावं लागलं न्हाई, असं आत्ता त्यांच्या मुलीनं सांगितलं. ऐकून लई बरं वाटलं. दुसऱ्यांची दुखणी तपासण्यात त्यांचा जन्म गेला हुता.

ही समोर बसलीय ती माझी बायको, सुमन. हिच्या मानेला गाठ आली. रोज ताप, अंग घामानं भिजायचं, वजन उतरत चाललेलं. टीबी म्हनून गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या चालल्या, गाठबी वाढत चालली. मग कुनीतरी सावेडीला मॅडमच्या लॅबमध्ये धाडलं. त्यांनी सुईनं काढलेला नमुना बघितला आन म्हनल्या, "कॅन्सरचा संशय आहे, पण एवढ्यावर मी नाव सांगणार नाही. अख्खी गाठ काढून आणा."

झालं. आमच्या आत्याबाईनं घर डोक्यावर घेतलं. गाठीला लोखंड लागलं की ती अंगभर पसरती, म्हनं. वस्तीवर समद्यांना तेच पटलेलं. सुमन तर हात लावू दीना. मी मॅडमला म्हनलं, "कॅन्सर असंल तर कॅन्सरचं औषध द्या की. कापायचं कशाला?"

मॅडम चिडल्या न्हाईत. मलाच विचारलं, "बाजारात नुसतं 'म्हैस आहे' म्हटलं, तर तुम्ही भाव सांगता का?"

म्हनलं, "कसा सांगनार? मुऱ्हा हाय का पंढरपुरी, कितव्या वेताची, बघाया लागतं."

"मग मलाही बघू द्या. लिम्फोमा म्हणजे अशा गाठींचा कॅन्सर, त्याचे पुष्कळ प्रकार असतात. प्रत्येकाचं औषध वेगळं." आन सुमनचा हात धरून म्हनल्या, "गाठ काढल्यानं तो पसरत नाही, बाई."

सुमन म्हनली, "काढा."

गाठ काढली. आमी रोज फोन करून मॅडमला भंडावलं. त्या एकच सांगायच्या, "गाठीच्या पातळ कापांना वेगळे रंग लावून परत बघतेय. अजून नाही."

मग त्यांचाच फोन आला. हॉजकिन लिम्फोमा. मला काय कळतंय? म्हनलं, "मॅडम, एवढंच सांगा, ही राहती का जाती?"

"कॅन्सर आहे. पण यातून बहुतेक माणसं बरी होतात. उपचाराला लागा."

मी भर बाजारात खाली बसून रडलो. लोकांना वाटलं, सौदा बुडाला. अहो, सुटलो हुतो मी. किती महिने आमी कशाशी झुंजतोय तेच कळत नव्हतं.

केमो झाली. केस गेले, परत आले. आता घरात माझं काही चालत न्हाई, इतकी बरी हाय ती.

लॅबमध्ये काम करनाऱ्यांनो, आमी घाई करू, भांडू. तुमी मात्र नीट बघूनच सांगा. मॅडमनी घाई केली असती, तर आज मी हितं एकटा आलो असतो.

आता मॅडमसाठी उभं राहून घटकाभर शांत राहू. पन पहिला मान हिचा, मॅडमनी वाचवलेल्या जिवाचा.

ऊठ, सुमन. आमी तुझ्यामागं उठतो.