उभ्या नसलेल्या अंबाक्का

नाही, मी काय म्हणतो, उभं राहायचं एकानं आणि निवडून यायचं भलत्यानंच, ही कुठली रीत? आमच्या शेजारच्या बाळकृष्णरावांचं तुम्हाला सांगतो. वीज बोर्डातून सुपरिंटेंडेंट होऊन रिटायर झालेला माणूस, बोलणं मोजकं, शर्टाला कडक इस्त्री, आणि त्यांच्यावर ही वेळ यावी... आणि अंबाक्का तर उभ्याच नव्हत्या हो.

शहाण्णव साल. कितीतरी वर्षांनी तंजावूरच्या मुन्सिपालिटीची निवडणूक लागलेली. आमच्या वॉर्डात मराठी घरं मूठभर, त्यात दोन मराठी माणसं उभी राहिली तर दोघंही पडणार हे कुणीही सांगेल, म्हणून ठरलं की आधी आपल्या आपल्यात मत घेऊ आणि जिंकेल त्यालाच उभं करू. इच्छुक दोन. एक आमचे बाळकृष्णराव आणि दुसरे अप्पाजी, ज्यांनी एसटीडी बूथ उघडल्यापासून समोर बसलेल्या माणसाशीसुद्धा मद्रासला बोलल्यासारखं ओरडून बोलायला सुरुवात केली होती.

सगळे कल्याणमंडपात जमलो. गुरुमूर्ती मास्तर म्हणाले, "दोन्ही नावं टाईप करून आणतो, लोक खूण करतील." बाळकृष्णराव घसा साफ करून म्हणाले, "मास्तर, अप्पाजीचं नाव अ वरून, म्हणजे ते वर येणार, आणि लोक वरच्याच नावावर खूण करतात. कोरी चिठ्ठी द्या. ज्याला जे नाव हवं ते लिहू दे." आता देवनागरी येतंय कुणाला आमच्यात? तमिळमध्ये लिहा म्हटलं. झालं, कोरे कागद वाटले.

आणि अंबाक्का, म्हणजे बाळकृष्णरावांच्या बायको, त्या तेव्हा मागे बायकांत बसून कापीचे टंबलर भरत होत्या. उभ्याच नव्हत्या हो.

पण या अंबाक्का कोण ते सांगायला हवं. त्याआधीच्या उन्हाळ्यात आमच्या वीदीचा, म्हणजे गल्लीचा, नळ कोरडा पडला. पुरुषांनी अर्ज केले, एकानं तर इंग्रजीत केले. अंबाक्कांनी काय केलं? छोटे कांदे घेऊन मुन्सिपालिटीत गेल्या आणि पाण्याच्या इंजिनियरच्या टेबलासमोर बसून सोलायला लागल्या. तो म्हणतो, "मामी, इथं नको." या म्हणतात, "घरी पाणी नाही तंबी, इथं नळ आहे, इथंच धुते." रोज सांबार, रोज कांदे... आधी साहेबांच्या डोळ्यांना पाणी आलं, मग आमच्या नळाला.

तर मोजणी. मास्तरांनी पहिली चिठ्ठी उघडली. "अंबा." अप्पाजी ओरडून म्हणाले, "कोण अंबा?" दुसरी उघडली. "अंबाक्का." तिसरी, "नळवाल्या मामी." बाळकृष्णराव उठले. "मास्तर, ती उभी नाही. ही मतं बाद करा." मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "राव, कोरी चिठ्ठी कुणी मागितली?"

खाली बसले बिचारे. पुढचं नुसतं ऐकत राहिले, अंबा, अंबा, मध्येच एखादा अप्पाजी, पुन्हा अंबा... शेवटी निकाल वाचला. अंबाक्कांना ढीगभर, अप्पाजींना डझनभर, आणि बाळकृष्णरावांना एक. एक मत! आणि तेही त्यांचं स्वतःचं नव्हे, कारण स्वतःला मत देणं सभ्यपणाचं नाही म्हणून त्यांनी अप्पाजींचं नाव लिहिलं होतं. अप्पाजींनी कुणाचं लिहिलं असेल, ते तुम्हीच ओळखा.

आमची आणि त्यांची भिंत एकच, म्हणून त्या रात्री पुढचं मला ऐकू आलं.  आधी त्यांचा आवाज, "ते एक मत कुणाचं?"

"माझं," अंबाक्का म्हणाल्या.

"म्हणजे तुला तरी वॉर्डासाठी मी हवा होतो?"

"वॉर्डाचं मला काय ठाऊक. तुम्हाला हवं होतं, म्हणून लिहिलं. मी काही उभी राहत नाही, मास्तरांना सांगा जाऊन."

दिव्याचं बटण खट्ट वाजलं. मला वाटलं, झोपले. तर म्हणतात कसे, "नळाचे तीन अर्ज मी केले होते. तिन्ही इंग्रजीत. कुणी वाचले नाहीत. उभी राहा तू."

मग काय विचारता. माणूस ऑटोत बसून कर्णा धरून वीदी-वीदी फिरला, स्वतःसाठी कधी उघडलं नव्हतं तेवढं तोंड उघडून. अंबाक्का निवडून आल्या, म्हणजे यावेळी उभ्या राहून आल्या. आणि वॉर्डातल्या प्रत्येक भिंतीवर त्यांचं नाव रंगवलेलं, आता आमच्याकडची पद्धत तुम्हाला माहीत आहे, बाईच्या नावाआधी नवऱ्याचं एक आद्याक्षर, बस्स. "बा. अंबा." एवढा सुपरिंटेंडेंट, बाराखडीच्या एका अक्षरात बसवलेला.

मी म्हटलं, "राव, तुमचं एवढंसंच आलं की हो."

त्यांनी मान तिरपी करून भिंत नीट बघितली. म्हणाले, "असू दे. ठिपका चांगला दिलाय."