सरांना पडलेलं एक मत

मत वाया घालवायचं नाही, हे माझ्यासमोर पुन्हा म्हणू नका. का ते सांगतो.

गेल्या लोकसभेला आमच्या हडपसरच्या सोसायटीतले वाघमारे सर अपक्ष उभे होते. सज्जन माणूस, म्हणजे पडणारच. खरी चुरस दुसऱ्याच दोघांत होती. त्यातला एक नको, म्हणून आम्ही सगळ्यांनी नाक दाबून दुसऱ्याला मत दिलं.

निकालानंतर सर माझ्याकडे चहाला आले. शेजारचे जोशीही होते.

"आपल्या केंद्रावर मला एक मत पडलंय," सर म्हणाले. "घरोघर विचारून आलो, सगळे नाही म्हणतात. माझ्यावर विश्वास ठेवणारा तो एक माणूस कोण, एवढंच मला कळू द्या."

जोशी हसले. "अहो सर, तुमचंच असणार!"

"नाही हो. चुरस होती. मीही मत वाया घालवलं नाही."

"मग वहिनींनी दिलं असेल," जोशी सवयीने बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. वहिनींना जाऊन वर्ष झालं होतं. मतदार यादीत नाव मात्र होतं. आपल्याकडे यादीतून जिवंत माणसंच गळतात.

सरांनी कप खाली ठेवला.

"मलाही तसंच वाटतंय," ते हळूच म्हणाले. "त्या दिवशी तिचा चष्मा जागेवर नव्हता. तुम्ही दोघं रांगेत माझ्या मागेच होतात ना? ती दिसली का?"

मी नाही म्हणालो.

जोशींनी मात्र हळूच विचारलं, "चष्मा सोनेरी काड्यांचा होता का?"