उभ्यानं मोजलेले ठोके

डॉ. अदीबा — हा ईसीजी खोटा नाही, उमाजी. फक्त झोपवून काढलेला आहे.

उमाजी — दिल ठीक आहे म्हणते न कागद? चंद्रपूरच्या डाक्टरनंबी तेच सांगतलं. तरी माह्यी बायको खाटेवर. माय म्हणते, कामचोर आहे, माहेरी नेऊन घाल. इथून सिद्धा पोंभुर्ण्याले, हिच्या माहेरी, नेऊन राह्यलो हिले.

डॉ. अदीबा — गोकुळा, तू बोल.

गोकुळा — मागच्या पोळ्याले ताप आला, बाई. ताप गेला, ताकद नाई आली. हापशीवर उभी राह्यली का छाती धडधडते, डोयापुढं अंधार. एक दिवस काम केलं तं चार दिवस उठता नाई येत.

उमाजी — अन् तलावात? जाळं धरून कमरेइतक्या पाण्यात घंटाभर उभी राह्यते, तवा काई होत नाई! हापशीवर पाच मिंटात खाली बसते. सारं गाव हासते, म्याडम.

डॉ. अदीबा — पाण्यात बरं वाटतं?

गोकुळा — हो, बाई. काऊन ते नाई समजत. मलेच वाटते कधी, नाटक तं नाई न करून राह्यली मी?

डॉ. अदीबा — उमाजी, इकडे ये. तिला पडूनच राहू दे. मनगट धर. मी घड्याळ बघते, तू ठोके मोज.

उमाजी — ...अठ्ठ्याहत्तर.

डॉ. अदीबा — आता उठ, गोकुळा. भिंतीला टेक, हलू नको.

(दहा मिनिटं जातात. गोकुळाचे ओठ पांढरे पडतात.)

डॉ. अदीबा — मोज.

उमाजी — एकशे... एकशे अठ्ठावीस. चुकलो असन, म्याडम.

डॉ. अदीबा — नाही चुकलास. मीही मोजले. झोप गं, गोकुळा. उभं राहिलं की हिचं रक्त पायांत उतरतं, वर कमी पोचतं. मग दिल धावत सुटतं. तलावात पाणी पाय चहूकडून दाबून धरतं, म्हणून तिथे टिकते.

उमाजी — मंग गोळी द्या न.

डॉ. अदीबा — पक्की गोळी नाही याची. मघाशी बघितलं, हिचं बीपी कमी आहे; म्हणून मीठ-पाणी वाढवा, पोटऱ्यांना पट्टी बांधा, अन् थकायच्या आधी काम थांबवा. काही जण बरे होतात, काही नाही. जबरदस्तीनं राबवलं तर बिघडेल.

गोकुळा — आता मले कुठी नेता?

उमाजी — घरी... पन मायले काय सांगू?

डॉ. अदीबा — मोजलंस ते सांग.

उमाजी — तिले मोजता नाई येत.

गोकुळा — माह्यं मनगट तं धरता येते.